दूरदृष्टीचा दोष

मराठीत 'दूरदृष्टी' हा गुण आहे. थोरांच्या चरित्रांत तो हमखास सापडतो, आणि निबंध तपासताना आम्हीही त्या शब्दाखाली कधी लाल रेघ मारली नाही. परवा मात्र त्याचाच सख्खा भाऊ, 'दूरदृष्टिता', आम्हांला रोगांच्या यादीत भेटला.

आमची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात मेडिकल कोडिंगचे काम करते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेली टिपणे वाचायची, त्यांतल्या प्रत्येक निदानाला ठरलेला संकेतांक द्यायचा, आणि मग विमा कंपनीकडे देयक जायचे, असे त्या कामाचे स्वरूप. "सर, तुम्ही रसग्रहण करायला लावायचात, आम्ही रस काढून टाकतो," ती म्हणाली. आम्ही हसलो आणि डोळ्यांचे पान दाखवायला सांगितले.

या यादीचे मूळ झाक बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात मरणाबरोबर आजारांनाही जागा मिळाली. दहाव्या आवृत्तीचे अमेरिकेने आपल्यापुरते सविस्तर रूप केले. ते तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले. त्यात एच ५२.० म्हणजे दूरदृष्टिता, ५२.१ म्हणजे निकटदृष्टिता, ५२.४ म्हणजे वृद्धदृष्टिता, अर्थात आपली चाळिशी. दूरदृष्टितेपुढे आणखी एक आकडा लागतो: उजवा डोळा १, डावा २, दोन्ही ३. चाळिशीला तो आकडा नाही. वय दोन्ही डोळ्यांना सारखेच होते.

दोन्हींवर उपाय बहिर्गोल भिंगाचाच, त्यामुळे हे दोन दोष एकच समजले जातात. डोंडर्स या डच वैद्याने १८६४ च्या आपल्या ग्रंथात त्यांची स्पष्ट फारकत केली. एक डोळ्याच्या घडणीचा: नेत्रगोल आखूड, म्हणून प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडू पाहते. दुसरा वयाचा: डोळ्यातले भिंगच ताठर होत जाते. चाळिशी सगळ्यांना गाठते. दूरदृष्टिता मात्र लहान मुलालाही असू शकते.

आमची नजर अडली ती शून्यावर. एच ५२.०० म्हणजे दूरदृष्टिता आहे, पण कोणत्या डोळ्यात, ते नोंदलेले नाही. पुढे एच ५२.७: अपवर्तनाचा दोष आहे, कोणता ते नमूद नाही. "हे कोड शक्यतो टाळायचे," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारायचं. पण टिपणात नाही ते आपण मनाने भरायचं नाही. हा पहिला नियम."

हा नियम ऐकताना आम्हांला पूर्वीच्या एका आठवीच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा आठवला. उभ्याने धडा वाचताना तो ओळ चुकायचा, डोळे चोळायचा, डोके दुखते म्हणायचा. फळ्यावरचे मात्र त्याला लख्ख दिसे. शाळेतल्या नेत्रतपासणीत सहा मीटरवरचा तक्ताही त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. मग डोळ्यांचा प्रश्न उरलाच कुठे? प्रगतिपुस्तकात आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले: 'वाचनाची आवड नाही. आळस सोडावा.'

दोन वर्षांनी तो रस्त्यात भेटला, तेव्हा जाड बहिर्गोल काचांमागे त्याचे डोळे मोठे दिसत होते. लहान मुलाच्या डोळ्यांतले स्नायू सतत ताण घेऊन हा दोष झाकतात; म्हणून लांबचा तक्ता वाचला जातो आणि जवळचे पुस्तक थकवते. डोळ्यांत औषधाचे थेंब घालून ते स्नायू सैल केले, की खरा नंबर कळतो. तो आळशी नव्हता. प्रत्येक ओळ वाचण्यासाठी तो वर्गातल्या कुणाहीपेक्षा अधिक कष्ट घेत होता.

आम्ही साहित्याची माणसे संकेतांकांना हसतो. माणूस आकड्यात मावत नाही, असे म्हणतो. ते खरेच आहे. पण त्या यादीत न कळलेल्यासाठी एक घर राखून ठेवलेले आहे. आमच्या शेऱ्यांत ते नव्हते. 'ढ', 'आळशी', 'आवड नाही' हे सारे आम्ही ठामपणे लिहिले, आणि आमच्या टिपणात त्यांना आधार नव्हता. पुढच्या तपासणीत रुग्णाचा संकेतांक बदलता येतो. प्रगतिपुस्तक मात्र पालकांची सही होऊन घरच्या कपाटात राहते.

निघताना चाळिशी सापडेना. ती आमच्या कपाळावरच होती. विद्यार्थिनीने ती बोटाने खाली ओढून दिली आणि म्हणाली, "एच ५२.४, सर." आम्ही मान डोलावली. त्या मुलाचा शेवटचा आकडा कोणता, ते आम्हांला ठाऊक नाही. त्या दिवशी रस्त्यात 'चष्मा कधी लागला रे?' एवढेच आम्ही विचारले होते. शेऱ्याबद्दल बोलायचे राहून गेले.