मार्क फोटोला, की आंब्याला?



पावसाने दोन दिवस उघडीप दिली आहे. भात फुटव्यांवर आहे, बागेत कलमांच्या बुंध्याजवळचं गवत काढणं चालू आहे. पण आजची नोंद खताची नाही, फवारणीची नाही. फोटोंची आहे. घाबरू नका, गाडी शेवटी शेतावरच येणार आहे.

१९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो. त्या निमित्ताने आमच्या भागातल्या काही मंडळींनी हौशी लोकांसाठी फोटोंची स्पर्धा ठेवली. विषय ‘शेती आणि निसर्ग’. मोबाईलचे फोटो चालतील, वर्षभरात कधीही काढलेले चालतील. परीक्षक तिघे: रत्नागिरीत स्टुडिओ चालवणारे एक भाऊ, कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आणि शेतकरी म्हणून मी. एकूण ८६ फोटो आले. निकाल लावायला एक संध्याकाळ पुरली. पण भाऊंनी आधीच अट घातली होती की प्रत्येकाला दोन ओळी लिहून कळवायचं, फोटोत काय जमलं आणि काय नाही. त्याला तीन संध्याकाळी गेल्या. खरं काम तेच होतं.

कारण आपल्याकडे फोटोवर बोलायची पद्धत दोनच प्रकारची. एक ‘छान’, दुसरी ‘यात काय आहे?’. पहिलीने माणूस खूश होतो, दुसरीने गप्प होतो. शिकत कोणीच नाही. आपण माती तपासायला देतो तेव्हा अहवालात ‘माती छान आहे’ असं कोणी लिहून देतं का? सामू किती, सेंद्रिय कर्ब किती, काय कमी आहे, किती घालायचं, हे लिहिलेलं असतं. नाहीतर आपणच विचारू, मग तपासायला दिली कशाला?

मोठ्या स्पर्धांतही हे सगळीकडे होतं असं नाही. आपल्या राज्यात छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ सालची. पुढे १९५३ मध्ये देशभरातल्या संस्थांचा महासंघ झाला. त्यांच्या स्पर्धांना ‘सलोन’ म्हणतात. परीक्षक गुण देतात, बेरीज होते, फोटो स्वीकारला किंवा नाही एवढं कळतं. हजारो फोटो असतात, प्रत्येकाला कारण देणं शक्य नसतं हेही खरं. पण कारण न कळता आलेला नकार माणसाच्या मनात कसा बसतो, ते या वेळी जवळून बघितलं.

एका कॉलेजच्या मुलीने हापूसच्या मोहोराचा फोटो पाठवला होता. जानेवारीतली सकाळ, तुरा उन्हात, मागे चिऱ्याचा गडगा धूसर आणि मोहोरावर एक माशी. भाऊ म्हणाले, “उजेड सुंदर धरलाय, पण माशी खटकते. ती नसती तर नंबर होता.” साहेब खुर्चीतून उठलेच. “अहो, माशी आहे म्हणून तर फोटो आहे! आंब्याचं परागीकरण करतं कोण? मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळा म्हणून मी आयुष्यभर ओरडत आलो, ते ह्या माशीसाठीच.” भाऊंनी फोटो परत मोठा करून बघितला. मग म्हणाले, “असं असेल तर माझं म्हणणं उलटं आहे. माशी मुख्य असेल तर ती एवढी लहान आणि कोपऱ्यात का? अजून जवळ जायला हवं होतं.”

मला हे बोलणं फार आवडलं. फोटो तोच होता, फक्त तो कशासाठी काढलाय हे कळल्यावर टीका बदलली आणि धारदारही झाली. ‘माशी काढून टाक’ हा सल्ला त्या मुलीला चुकीच्या वाटेला घेऊन गेला असता. ‘माशीच्या जवळ जा’ हा पुढच्या मोहोराला उपयोगी पडेल.

तासाभराने हिशोब फिटला. गच्च लगडलेल्या फांदीचा एक फोटो होता, साहेबांनी त्याला भरभरून मार्क टाकले. भाऊ हसत म्हणाले, “साहेब, तुम्ही आंब्याला मार्क देताय, फोटोला नाही.” खरंच होतं. फळ जोरदार, पण अर्धी फांदी कापलेली, आभाळ पांढरंफटक, वर तारखेचा शिक्का. साहेबांनीही हसत मार्क कमी केले.

त्या मोहोराच्या फोटोची आणखी एक गोष्ट आहे. अभिप्राय द्यायला फोन केला तेव्हा मुलगी म्हणाली, “काका, हाच फोटो मी आधी एका मोठ्या स्पर्धेत निसर्ग विभागात पाठवला होता. नाकारला. कारण काहीच नाही दिलं. म्हटलं, आपल्याला जमत नाही.” त्यानंतर सहा महिने तिने फोटोच काढला नव्हता. आमच्याकडेही आईने आग्रह केला म्हणून पाठवला.

मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, त्या स्पर्धेचं नक्की सांगता येणार नाही, पण निसर्ग विभागाची आंतरराष्ट्रीय व्याख्याच अशी आहे. जगातल्या मोठ्या छायाचित्रण संस्थांनी ती एकत्र बसून ठरवली आहे, २०१५ पासून लागू आहे. तीत लागवडीची झाडं, माणसाने तयार केलेले संकर, पाळीव जनावरं आणि पेंढा भरलेले प्राणी चालत नाहीत. म्हणजे आपलं हापूसचं कलम निसर्गात बसत नाही! बैल नाही, म्हैस नाही, परसातली जास्वंद नाही. (रायवळीचं काय, हा वाद आम्ही पुढच्या वर्षावर ठेवलाय.) माणसाच्या खुणाही शक्यतो नकोत, पण त्या गोष्टीचाच भाग असतील तर चालतात. उदाहरण म्हणून तिथे दिलेल्या पक्ष्याला आपल्याकडे नावच गव्हाणी घुबड आहे. माणसाच्या वाड्या-गोठ्यांत राहणारं, त्याला गोठ्यातून हाकलून फोटो कसा काढणार?

मुंबईचे नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत शहरी विभागाचं बक्षीस मिळालं. त्या फोटोत रात्री बिबट्या आरेच्या वस्तीतल्या बोळातून चाललाय. त्यातल्या भिंती काढा, फोटोत काही उरणार नाही.

मुलीला हे सगळं सांगितलं. नाकारलेला फोटो वाईटच असतो असं नाही, कधी तो चुकीच्या रकान्यात गेलेला असतो. एवढी एक ओळ तिला जानेवारीतच कोणी लिहिली असती तर सहा महिने वाया गेले नसते.

आता अवघड प्रकरण. ८६ मध्ये तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात उजवा फोटो शिंपी पक्ष्याच्या घरट्याचा होता. शिवलेल्या पानांचा द्रोण, आत चोची वासलेली पिल्लं, लख्ख उजेड. लख्ख उजेड हीच शंका. शिंपी पक्षी पानं शिवतो ती घरटं झाकायला. मग पिल्लांवर एवढं ऊन आलं कुठून? मोठा करून बघितला तर बाजूचं एक पान चिमट्याने मागे धरलेलं, एक डहाळी ताजी कापलेली. पिल्लं उन्हात उघडी पडली, वरून कावळ्याला दिसली, तर काय होणार हे शेतकऱ्याला सांगायला नको.

देशातल्या बऱ्याच वन्यजीव स्पर्धा आता घरट्याचे फोटो घेतच नाहीत. आपल्याच जिल्ह्यात वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना फ्लॅश मारू देत नाहीत, तेही याच विचाराने. आणि फोटो कसा काढला हा प्रश्न मोठ्यांनाही चुकलेला नाही. लंडनच्या त्याच स्पर्धेत २००९ चा विजेता, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो, पुढे बाद झाला. लांडगा जंगली नसून शिकवलेला असावा असा निष्कर्ष निघाला. २०१८ मध्ये मुंगीखाऊचा एक बक्षीसपात्र फोटो बाद केला. प्राणी बहुधा पेंढा भरलेला होता.

आम्ही घरट्याचा फोटो बाजूला ठेवला आणि त्या मुलाला कारण कळवलं. तो चिडला. “पत्रकात कुठे लिहिलं होतं? सगळेच असे काढतात, व्हिडिओत पण दाखवतात.” पहिल्या मुद्द्यावर त्याचं बरोबर होतं, पत्रकात ते नव्हतं. भाऊंनी त्याला सांगितलं, “तुझा हात स्थिर आहे, उजेड कळतो तुला, हे ह्या ८६ जणांत तुझ्याइतकं कोणाला येत नाही. म्हणून सांगतोय. लांबून, पान न हलवता, आई चारा घेऊन येते-जाते तेवढंच काढ.” त्याने फोन ठेवला. नंतर मी दोनदा केला, उचलला नाही. त्याचा राग जाईल की नाही, माहीत नाही. पण नुसतं ‘बाद’ कळवून मोकळे झालो असतो तर तो पुढच्या पावसाळ्यात हाच चिमटा घेऊन दुसऱ्या घरट्याकडे गेला असता. निदान आता चिमटा लावताना हात थांबेल. पुढच्या वर्षीच्या पत्रकात हा नियम पहिल्या ओळीत येणार, हे आयोजकांनी मान्य केलंय.

तीन संध्याकाळींत आमची एक रीत बसली, ती तुमच्यासाठी लिहून ठेवतो. सांगणाऱ्याने आधी फोटोत काय दिसतंय ते सांगावं, आवडलं-नावडलं नंतर. मग विचारावं, हा कशासाठी काढला? आणि शेवटी पुढच्या वेळी करता येईल अशी एकच गोष्ट सांगावी. सात चुका एकदम सांगितल्या की माणूस एकही सुधारत नाही.

ऐकणाऱ्यालाही रीत आहे. लगेच खुलासा देऊ नये. ‘त्या दिवशी धुकं होतं’, ‘मागे गाडी उभी होती’ हे बघणाऱ्याला फोटोत दिसत नाही. दोन दिवस जाऊ द्यावेत, मग फोटो परत बघावा. तीन माणसांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तर तिथे काहीतरी आहेच. एकानेच ठेवलं असेल तर ती त्याची आवड असू शकते, ती सोडून द्यायला हरकत नाही.

आता शेतावर येतो. आपण सगळे रोज फोटो पाठवतो, कृषी सहायकाला, विज्ञान केंद्राला, दापोलीच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांना, औषधाच्या दुकानात. सहा फुटांवरून काढलेलं हिरवं झाड आणि खाली ‘साहेब, काय मारू?’. वरून उत्तर येतं, ‘फोटो क्लिअर नाही’. हा पण ‘यात काय आहे?’चाच भाऊ. दोघांचा वेळ जातो, तुडतुडे थांबत नाहीत.

शेतकरी बंधूंनो, एक फोटो पूर्ण झाडाचा, एक फांदीचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा आणि एक खालच्या बाजूचा पाठवा. शेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. कडक उन्हात नको, सावलीत किंवा सकाळी काढा. रंग वाढवणारे फिल्टर बंद ठेवा, नाहीतर पिवळेपणा रोगाचा की मोबाईलचा ते कळणार नाही.

आणि तज्ज्ञ मंडळी, तुम्हालाही विनंती. ‘क्लिअर नाही’ लिहिण्याऐवजी ‘पान उलटं करून, एक वीत अंतरावरून, सावलीत’ एवढं लिहा. पुढचा फोटो नक्की चांगला येईल, आणि त्या माणसाला विचारायची लाज वाटणार नाही.

ती मुलगी परवा बागेत आली होती. मोहोराला अजून चार महिने आहेत, म्हणून सध्या भाताच्या पानावरचे चतुर काढतेय. एक फोटो मला दाखवला आणि विचारलं, “काका, काय दिसतंय?” मी म्हटलं, “चतुर दिसतोय, पण पंखाचं टोक कापलंय.” म्हणाली, “बरं,” आणि परत बांधावर जाऊन बसली.