हात ओळखणारं कुलूप

व्हीआर हेडसेट डोक्यावर चढवला की समुद्राचा तळ दिसतो, चंद्र दिसतो. पण आपल्या शेजारी कोण येऊन उभं राहिलंय ते दिसत नाही. पासवर्डाची सगळी गोची इथे आहे. हवेत तरंगणाऱ्या आकड्यांवर बोट नेऊन पिन टाकणाऱ्याकडे बाजूने नीट पाहिलं, तर हात कुठे थांबला आणि कुठे वळला यावरून आकडे ताडता येतात. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. चोराचे डोळे उघडे आणि धन्याचे झाकलेले, असा हा मामला.

यावर सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे पिनऐवजी हाताची खूण. मूठ उघडा, मनगट फिरवा, हवेत एखादी आकृती काढा, कुलूप उघडेल. माझं काम या खुणा तपासण्याचं.

हातावर गुपित चालवायची रीत आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रातल्या जनावरांच्या आणि फळांच्या बाजारांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटं दाबत आणि भाव ठरवत. हीच ती हत्ता पद्धत. आजूबाजूला गर्दी असे, पण आकडा दोघांनाच ठाऊक. वाईट एवढंच, की ज्याचा माल तो शेतकरीही त्या गर्दीतच उभा. म्हणूनच बाजार समित्यांत उघड लिलावाचा आग्रह धरावा लागला. गुपित पाळलं जातंय, पण कोणापासून, हा प्रश्न माझ्या धंद्यातही सुटलेला नाही. त्याकडे पुढे येतो.

हेडसेटवरचे कॅमेरे हात बघतात तेव्हा कातडी बघत नाहीत, सांगाडा अंदाजतात. प्रचलित तांत्रिक मानकात एका हाताचे 26 बिंदू धरले जातात: तळवा, मनगट आणि बोटांची पेरं-टोकं. प्रत्येक बिंदू सेकंदाला अनेकदा मोजला जातो. तुम्ही खूण केलीत की आकड्यांची एक लांब माळ तयार होते. आज खूण सावकाश केली आणि उद्या घाईत, तर दोन माळांची लांबी जुळत नाही. म्हणून एक माळ ताणून-आवळून दुसरीवर बसवतात आणि मग फरक मोजतात. फरक ठरावीक मर्यादेत असला तर दार उघडतं. मर्यादा सैल ठेवली तर भलताच आत शिरतो, आवळली तर घरधनीच बाहेर राहतो. आमचा अर्धा वेळ या एका आकड्याशी भांडण्यात जातो.

आता कोणी म्हणेल, खूणही बघून चोरता येईलच की. आकृती चोरता येते, ढब चोरणं अवघड. मी गोंदियाचा, त्यामुळे मला हे पटवायला बिडीच लागते. आमच्याकडे घराच्या ओसरीवर मांडीत सूप घेऊन बसलेली बाई बघा. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान फर्म्याच्या मापाने कातरलेलं. त्यात जर्द्याची चिमूट, अंगठ्याने एक रेटा, पान गुंडाळलं, तोंड दुमडलं, दोऱ्याचा वेढा. मजुरी हजारी, त्यामुळे हाताला थांबायला फुरसत नाही. शेजारी बसलेलीही हेच करते, याच क्रमाने; पण एकीचा रेटा आधी पडतो, दुसरीचं मनगट जरा जास्त वळतं. दिवसभर समोर बसून पाहिलंत तरी तो हात तुम्हाला उचलता येणार नाही. यंत्र नेमकं हेच टिपतं.

इथवर सगळं छान. आता दुसरी बाजू. 2023 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘बीट सेबर’ या व्हीआर खेळातल्या पन्नास हजारांहून जास्त खेळाडूंच्या हालचाली तपासल्या. डोकं आणि दोन हात एवढ्याच माहितीवर, शंभर सेकंदांच्या नमुन्यातून, 94 टक्क्यांहून अधिक वेळा नेमका खेळाडू ओळखता आला. यातल्या कोणीही पासवर्ड टाकत नव्हतं, सगळे खेळत होते. म्हणजे ज्या ढबीवर आमचं कुलूप उभं आहे, ती ढब माणूस खेळता खेळता वाटत फिरतो. हत्त्याच्या बाजारातला शेतकरी आठवतो तो इथे: हात माझा, त्याचा हिशेब दुसऱ्याकडे, आणि मला पत्ता नाही.

साठवणुकीचीही अडचण आहे. अक्षरी पासवर्ड जसाच्या तसा साठवायची गरज नसते. तो एकदिशा गणिताने दळून ठेवतात आणि पुढच्या वेळी दळलेलं दळलेल्याशी ताडतात. हाताची खूण दर वेळी किंचित वेगळी येते, त्यामुळे ही सोय सरळ लागू पडत नाही. तुलनेसाठी काहीतरी मूळ नमुना ठेवावा लागतो. तो फुटला तर आकृती बदलता येईल. हात कसा बदलणार? म्हणून तो नमुना हेडसेटमधल्या सुरक्षित चिपबाहेर जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. सोयीसाठी तो कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आणि हात झिजतात. आधारची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीतून झाली. त्यानंतर कष्टकऱ्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला न उमटणं ही घरोघरची तक्रार झाली. बिडी वळून, रोवणी करून गुळगुळीत झालेली बोटं रेशन दुकानातल्या यंत्रावर पुन्हा पुन्हा दाबावी लागतात. हालचालीला रेषा लागत नाहीत हे खरं, पण सांधे लागतात. संधिवात झालेली, बोट तुटलेली, कंप सुटलेली माणसं चाचणीत नसतील, तर तेच रडगाणं नव्या यंत्रावर ऐकावं लागेल. आमच्या क्षेत्रात चाचणीला बसतात ते बहुधा विद्यापीठातले तरुण विद्यार्थी, आणि निकाल देखणे येतात यात नवल नाही.

या दिवाळीत घरात हेडसेट येणार असेल, तर खेळ उघडायला हाताची खूण खुशाल वापरा. नमस्कार किंवा नावाचं पहिलं अक्षर मात्र नको, ते सगळेच निवडतात. पैशाच्या व्यवहाराला तिच्या जोडीला दुसरं काहीतरी ठेवाच. आणि मुलांच्या हातात देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन हाताच्या हालचालींची माहिती कोणत्या अ‍ॅपला दिली आहे ते पाहा. जिथे गरज नाही तिथली परवानगी काढून टाका.