माळ कुणाजवळ ठेवू?

रेडिएशनला आत जाण्याआधी अंगावरचं सगळं उतरवावं लागतं. कानातलं, मंगळसूत्र बायका मुकाट्याने लेकीच्या हाती देतात. तुळशीच्या माळेपाशी मात्र हात थबकतो. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असला की चेहऱ्यावर जाळीदार मास्क बसवून तो टेबलाला अडकवतात, मान तसूभरही हलू नये म्हणून. आठवड्याचे 5 दिवस, असे 6-7 आठवडे. म्हणजे माळही रोजच उतरवायची. लातूरकडच्या एका आजींनी विचारलं, "ताई, माळ काढल्यावर तो मला वळखंल का?"

मी म्हटलं, "आजी, माळ कुणाजवळ ठेवू?" त्यांनी नातवाकडे बोट केलं.

विठ्ठलाच्या वतीने बोलायचा अधिकार मला कुणी दिला? रुग्णांजवळ बसायला जाणाऱ्या माझ्यासारख्यांनी एवढं तरी जपावं. भेटीला येणारे काहीजण शहाळ्याबरोबर मागच्या जन्मीचं पापही घेऊन येतात. आधीच कण्हणाऱ्या माणसावर खटला कशाला भरायचा? त्यापेक्षा गप्प बसून पाय चेपावेत.

मशीन सुरू होताना सगळे बाहेर येतात, जाड दार बंद होतं. टेक्निशियन पडद्यावर बघत असतो, माइकवरून धीरही देतो; पण आत माणूस एकटाच. दुखत काही नसतं, तरी छाती धडधडते. कुणी तेव्हा हरिपाठ म्हणतं, कुणी आयत, कुणी मुलांची नावं एकामागून एक. मास्कखाली ओठ हलत नाहीत, मनातल्या मनातच सगळं.

रुग्णाच्या या एकटेपणापाशी मला सिसिली सॉन्डर्स आठवतात. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, पुढे डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, सुरू केलं. मरणाऱ्याचं दुखणं शरीराचं असतं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचंही, असं त्या सांगत. पण त्यांचा आग्रह मॉर्फिन वेळेवर देण्याचाही होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. कळा येत असताना कसलं नामस्मरण? आपल्याकडे वांद्र्याला 1986 मध्ये शांती आवेदना सदन हे असंच हॉस्पिस उभं राहिलं.

आधी माणसाचं दुखणं बघावं, मग देवाचं नाव, हे गाडगेबाबांना अनुभवातूनच उमगलं असावं. कीर्तनात ते देवाच्या नावावर चालणाऱ्या ढोंगाचे वाभाडे काढत आणि गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधत. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज गावोगावचे कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात. रात्री पाठ टेकायला जागा मिळाली की रडायलाही सवड होते. फुटपाथवर तीही नसते.

परवा बिहारच्या एका पोराने हनुमान चालीसा म्हणायला सांगितली. मला दोन ओळींपुढे येईना. शेजारच्या खाटेची चादर बदलणारा वॉर्डबॉय म्हणाला, "मला येते, पण ड्युटी दोनला सुटते." पोराने घड्याळाकडे पाहिलं आणि तोवर जेवून घ्यायचं कबूल केलं.