खुल्या वहीचे वाचक

हिशेब एकानें लिहावा आणि इतरांनीं त्यावर विसंबावें, ही जगाची जुनी रीत आहे. पेढीची खतावणी मुनीम लिहितो, बँकेचें खातें बँक ठेवते, आणि आपण शेवटचा आंकडा पाहून समाधान मानतों. प्रत्येकानें सबंध वही आपल्या घरीं ठेवून तिची ओळ न् ओळ तपासावी, असें कोणी सुचविलें तर त्यास आपण वेड्यांत काढूं. परंतु सातोशी नाकामोतो ह्या टोपणनांवामागें दडलेल्या अज्ञात लेखकानें २००८ सालीं नेमकें हेंच सुचविलें, आणि ३ जानेवारी २००९ ही त्या वहीच्या पहिल्या पानावरील तारीख आहे.

ही वही म्हणजे बिटकॉइनची ब्लॉकचेन. ती उतरवून घेऊन तपासणाऱ्या प्रोग्रामास क्लायंट म्हणतात. त्यांतील मूळचा तो ‘बिटकॉइन कोअर’. त्याची संहिता सर्वांस खुली असून ती कोणींही वाचावी, बदलावी व वांटावी. नाण्याचा भाव चढेल कीं उतरेल, ही विवंचना ज्यांची त्यांस लखलाभ असो. आम्हांस कुतूहल होतें तें वहीचें. म्हणून तो क्लायंट आम्हीं आमच्या संगणकावर बसविला.

पहिली कसोटी प्रोग्राम सुरू होण्यापूर्वींच लागते. उतरवून घेतलेली फाइल खरी कशावरून? निरनिराळ्या लोकांनीं तीच संहिता आपापल्या संगणकावर स्वतंत्रपणें बांधून, तिचा आंकडेरूपी ठसा तोच आला, असें आपल्या सहीनिशीं प्रसिद्ध केलेलें असतें. आपल्या फाइलीचा ठसा काढून आपण तो ताडून पाहावयाचा. मग वही उतरूं लागते. ती ६०० गिगाबाइटांहून मोठी आहे. जागा अपुरी असल्यास तपासून झालेलीं जुनीं पानें टाकून देण्याचीहि सोय आहे. आमचा संगणक कित्येक दिवस अहोरात्र मागील वर्षांचीं पानें उलटीत बसला होता.

येथें एक गोष्ट ध्यानांत आली. वेळ वांचावा म्हणून हा प्रोग्राम संहितेंत नमूद केलेल्या एका पानापर्यंतच्या जुन्या सह्या खऱ्या धरून चालतो. रकमांचा मेळ मात्र स्वतःच घालतो. ही सवलत एका आज्ञेनें बंद करतां येते. म्हणजे विश्वासाची गरज येथेंहि पुरती सुटलेली नाहीं. परंतु तो कोठें ठेवला आहे हें लिहून ठेविलें आहे, आणि तो काढून घेण्याची मुभा आहे. इतका प्रामाणिकपणा इतरत्र क्वचितच आढळतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींत शिरूं पाहणाऱ्यास वाटतें कीं, आपण कांहीं नवी सुधारणा घेऊन जावें. नवख्यास उपदेश मिळतो तो निराळाच: दुसऱ्यानें सुचविलेला बदल वाचा, बांधा, चालवून पाहा, आणि काय तपासलें तें लिहा. त्यासाठीं ‘रेगटेस्ट’ नांवाची तालीम आहे. तेथें आपल्याच संगणकावर मोल नसलेलीं नाणीं पाडून हवे ते प्रयोग करावे. लिहिणारे पुष्कळ, उणीव असते ती तपासणाऱ्यांची.

ह्या उपदेशामागें कडू अनुभव आहे. एकूण नाणीं २ कोटी १० लाखांहून अधिक होऊं नयेत असा नियम असतां, १५ ऑगस्ट २०१० रोजीं बेरजेंतील दोषाचा फायदा घेऊन कोणीं एकाच व्यवहारांत १८४ अब्ज नाणीं निर्माण केलीं! कांहीं तासांतच सुधारलेला प्रोग्राम निघाला व तीं पानें रद्द झालीं. पुढें, काम जलद व्हावें म्हणून केलेल्या एका बदलांतून २०१७ सालीं तशाच जातीचा दोष शिरला. जाणत्यांच्या नजरेखालून गेलेला तो बदल सप्टेंबर २०१८ पर्यंत तसाच राहिला. तो दाखवून दिला प्रतिस्पर्धी नाण्यासाठीं काम करणाऱ्या एका विकसकानें, आणि तोहि गुपचूप, दुरुपयोग होण्यापूर्वीं.

वही खुली होती, वाचण्यास कोणाची आडकाठी नव्हती. तरी इतके दिवस कोणाची दृष्टि त्या ओळीवर ठरली नाहीं. खुलेपणा ही केवळ सोय आहे. तिचा उपयोग करणारा मनुष्य लागतोच. म्हणून आम्हींहि प्रारंभ एका लहानशा बदलापासून केला. दोन संध्याकाळ खर्चून तो बांधला, चाचण्या चालविल्या आणि काय पाहिलें तें चार ओळींत कळविलें. ह्या कामास कीर्ति नाहीं आणि वेतनहि नाहीं. पण ज्या हिशेबावर आपण विसंबतों त्यांतील एक ओळ आपल्या डोळ्यांनीं पाहिली, हें समाधान बँकेच्या वहींतील शेवटच्या आंकड्यानें आम्हांस कधीं दिलें नव्हतें.