मारुतीच्या पायाशी दिवे

आमच्या मारुती ८०० च्या छताला एकच दिवा. १९९४ साली बाबांनी गाडी घेतली तेव्हा तो पुरेसा होता, कारण गाडीत चढणारी सगळी माणसं धडधाकट होती. आता बाबा गुडघे सांभाळत पुढे बसतात, आई मागे डावीकडे. गाडी बुटकी, आत शिरताना वाकावं लागतं, दाराखालची पट्टी ओलांडावी लागते, आणि काळोखात पाय नेमका कुठे टेकवायचा ते दिसत नाही. छतावरचा उजेड डोक्यावर पडतो. मागे बसणाऱ्याच्या पायाशी पुढच्या सीटची सावलीच असते.

कोकणातल्या आमच्या खेडमध्ये अपरात्री गाडी काढायची वेळ पुष्कळदा येते. मुंबईहून रात्री सुटलेली कोकणकन्या एक्स्प्रेस इथे पहाटेच्या काळोखात येते. बहिणीला आणायचं असलं की आई-बाबा दोघंही हट्टाने स्टेशनवर येतात. स्टेशनवर उजेड असतो, पण घराकडच्या आडरस्त्यावर काही नसतं, आणि पावसाळ्यात लाइट गेलेली असली तर आपल्या गाडीच्या हेडलाइटपलीकडे सगळा अंधार. गोळ्यांची पिशवी पायाशी पडली तर आई घर येईपर्यंत ती चाचपत राहते. हे बघवत नव्हतं.

गाडी बदला, असं बरेच जण सांगतात. मला ती बदलायची नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली, आणि जानेवारी २०१४ मध्ये ८०० चं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत आमच्यासारख्या किती घरांची ती पहिली चारचाकी ठरली! आमची गाडी १९८६ नंतरच्या दुसऱ्या रूपातली आहे. इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं, अजूनही पहिल्या चावीला चालू होतं. सरकारी नियमात ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला ५० वर्षं पुरी व्हावी लागतात, तेव्हा आमची एमएच-०८ कागदोपत्री नुसती जुनी गाडी. पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी तिची तपासणी होते, नोंदणी पुढे वाढते. ती रोज रस्त्यावर असते. म्हणूनच तिला आजच्या गरजेचे दिवे द्यावेत, पण तिचं मूळचं रूप अजिबात बिघडवू नये, असं मी ठरवलं.

भरणे नाक्याजवळ एक म्हातारे इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. मी कुठे कुठे दिवे हवेत ते सांगू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. म्हणाले, “बल्ब काय, कुणीपण लावील. आधी अर्थ बघूया.”

त्यांचं म्हणणं समजून घ्यायला दार उघडल्यावर लागणाऱ्या छताच्या दिव्याची रचना माहीत हवी. या दिव्याला चावी काढल्यावरही बॅटरीचा पॉझिटिव्ह मिळत असतो. परतीची वायर बॅटरीपर्यंत जात नाही, गाडीचा पत्राच ते काम करतो; यालाच अर्थ म्हणतात. दाराच्या चौकटीतला छोटा खटका दार बंद असताना दाबलेला राहतो. दार उघडलं की तो बाहेर येतो, दिव्याची वायर पत्र्याला जोडली जाते आणि दिवा लागतो. म्हणजे हा स्विच चालतो तो अर्थच्या बाजूने, आणि त्याचा सगळा भरवसा पत्र्यावर. कोकणात पत्र्याचा भरवसा किती धरायचा ते इथल्या माणसाला सांगायला नको. चार महिने पाऊस कोसळतो, जगबुडी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरतं, गाडीतलं कार्पेट दसऱ्यापर्यंत धड सुकत नाही. स्क्रूखाली गंज धरतो, आणि वरून बघणाऱ्याला तो दिसतही नाही.

चाचांनी मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, दार उघडून छतावरच्या पेटलेल्या दिव्यावर मोजले तर ११ च्याही खाली. उरलेले गंजलेल्या अर्थमध्ये खर्ची पडत होते. तारेच्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो. आमचा दिवा इतकी वर्षं मिणमिणता वाटायचा तो वयामुळे नव्हे. स्विच काढून त्याची बैठक पॉलिश पेपरने घासली, तांबूस पूड झडून पांढरा पत्रा दिसू लागला, त्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवून स्विच परत बसवला. नवा पैसा न घालता जुना दिवा उजळला! मला त्या संध्याकाळी झालेला आनंद पुढच्या सगळ्या कामापेक्षा मोठा होता.

मग नवे दिवे. डॅशबोर्डखाली दोन्ही बाजूंना एकेक, पुढच्या सीटखाली मागच्या माणसाच्या पायाकडे तोंड केलेले दोन, आणि डिकीत एक. डिकीच्या दिव्याला त्याचा वेगळा स्विच दिला, म्हणजे सामान काढताना आत झोपलेल्या मुलांच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. सगळे एलईडी. त्याचं कारण हिशेबात आहे. १० वॅटचा एक साधा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर ओढतो. दार नीट न लागता तो दहा तास जळत राहिला तर ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा पाव हिस्सा संपतो. असे पाच बल्ब लावले तर सकाळी गाडी ढकलावीच लागेल. आमचे पाचही एलईडी मिळून त्या एका बल्बाहून कमी वीज खातात.

पण एलईडी म्हणून बाजारातली कुठलीही पट्टी आणून चिकटवू नये. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या वर दाब जातो. घरातल्या शोभेसाठी बनलेली नेमक्या १२ व्होल्टची स्वस्त पट्टी त्यावर तापते आणि लवकर मरते. गाडीसाठीच बनवलेले दिवे घ्यावेत. रंगही पिवळसर घ्यावा. निळे-जांभळे दिवे लावलेल्या गाड्या मी पाहतो. त्या उजेडात गोळीच्या पाकिटावरची अक्षरं नीट वाचता येत नाहीत, आणि जुन्या गाडीच्या करड्या सीटवर तो रंग परका वाटतो.

मागच्या दारांना आमच्या गाडीत स्विच नव्हते, आणि आई तर मागेच बसते. एक वाट चुंबकाच्या स्विचची होती, त्याला भोक पाडावं लागत नाही. मात्र घरफोडीच्या अलार्मला वापरतात तो चुंबक जवळ असताना जोडलेला असतो. आपल्याला नेमका उलटा हवा, दार बंद असताना तुटलेला. तसा मिळतो, पण पुढे बिघडला तर पोलादपूरला की चिपळूणला कुठल्या गॅरेजात तो हाताशी असेल? आम्ही साधा खटकाच निवडला, तो कुठेही मिळतो. चौकटीत भोक पाडल्यावर कडा कानशीने गुळगुळीत केल्या, प्राइमर आणि रंग दिला, तो पूर्ण वाळू दिला, खटक्याच्या बुडाशी तेवढी जागा पुन्हा घासून अर्थ घेतला आणि त्यावर रबरी टोपी चढवली. या कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला. जाऊ द्यावा. उघड्या पत्र्याची एक कड राहिली तर एका पावसात गंज आत सरकतो.

वायरी दाराखालच्या पट्टीतून नेल्या. पत्र्यातून आरपार जाते तिथे प्रत्येक वायरीला रबर बसवलं आणि नव्या लाइनला बॅटरीजवळच ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज दिला. जुन्या गाडीत वायर घासून उघडी पडणं ही आगीची सुरुवात असते. फ्यूज न टाकता दिवे जोडून देणाऱ्याकडे गाडी सोडू नये, मग तो कितीही स्वस्तात करो.

शेवटी एक छोटा टायमर. दार लावल्यावर दिवे दहा-बारा सेकंद राहतात, तेवढ्यात बाबांचा पट्टा लागतो. चावी फिरवली की ते तत्क्षणी विझतात. ही सोय मी आवर्जून मागितली, कारण रात्री आतला उजेड समोरच्या काचेवर उमटतो. उजेडातून आलेले डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. कशेडी घाटाच्या वळणावर पावसात समोरून ट्रक येत असताना चालवणाऱ्याच्या डोळ्यांशी असा खेळ नको.

पुढच्या वेळी बहीण आली तेव्हा आईने मागचं दार उघडलं, खाली बघितलं, पाय टेकवला आणि बसली. “आता दिसतं हो,” एवढंच म्हणाली.

सगळा खर्च दीड हजारांच्या आत झाला. तुमच्या अंगणात अशी जुनी मारुती किंवा प्रीमियर पद्मिनी उभी असेल आणि घरात वयस्क माणसं असतील तर हे काम करून घ्याच. पण दिवे विकत घेण्याआधी अर्थ तपासून घ्या, आणि पत्र्याला भोक पाडायचं असेल तर ते मे महिना संपायच्या आत पाडा. मृग लागल्यावर दिलेला रंग इथे नीट वाळत नाही.