मुलाची उंची, वजन, ताकद: आकडे किती सांगतात?



"डॉक्टर, हा अजून किती वाढेल?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. पाठोपाठ दुसरा येतो, "इतका बारीक आहे, खेळात टिकेल का?" विचारणारे बहुधा वडील असतात. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो, कारण घरात रोज हीच चर्चा चालू असते.

आज या प्रश्नांची उत्तरे मी जरा वेगळ्या वाटेने देणार आहे. मला बास्केटबॉलचे वेड आहे. त्यामुळे उदाहरणे अमेरिकेतली असतील, पण हाडे, स्नायू आणि हृदय सगळीकडे सारखेच असते.

२००७ सालचा वाद

माझा भाचा त्या वर्षी टेक्सास विद्यापीठात शिकत होता. तिथे केव्हिन ड्युरंट नावाचा अठरा वर्षांचा फॉरवर्ड खेळत होता. पहिल्याच वर्षात त्याची सरासरी सामन्यागणिक २५.८ गुणांची होती. भाचा फोनवर आईची खुशाली विचारायच्या आधी ड्युरंटचा स्कोअर सांगायचा.

अमेरिकेत व्यावसायिक संघ नवे खेळाडू 'ड्राफ्ट'मधून घेतात. संघ एकेक करून पाळीने नाव पुकारतात आणि आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना पुढची पाळी मिळण्याची शक्यता जास्त असते. त्या वर्षी पहिला कोण, ड्युरंट की ओहायो स्टेटचा सात फुटी सेंटर ग्रेग ओडन, यावर सगळे चाहते भांडत होते. दुसरे भांडण ड्युरंटच्या जागेवरून होते. बास्केटबॉलमध्ये जागांना आकडे असतात. दोन नंबर म्हणजे शूटिंग गार्ड, तीन नंबर स्मॉल फॉरवर्ड, चार नंबर पॉवर फॉरवर्ड. ड्युरंटची उंची अनवाणी सहा फूट नऊ इंच, म्हणजे चार नंबरला शोभणारी. पण वजन सुमारे ९७ किलो, आणि चार नंबरला धिप्पाड खेळाडूंशी अंग घासावे लागते. कोणी म्हणे याला मैदानाच्या कडेला ठेवा, कोणी म्हणे अंग भरेल, चार नंबरच बरा.

त्यात ड्राफ्टपूर्वीच्या शारीरिक चाचण्यांचा निकाल आला. १८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८४ किलोचा बार आडवे झोपून छातीवरून किती वेळा वर ढकलता येतो, हे त्यात तेव्हा मोजत असत. ड्युरंटला तो एकदाही ढकलता आला नाही. शंका घेणाऱ्यांच्या हाती आयता पुरावा आला.

भाच्याने मला विचारले, "मामा, तू डॉक्टर आहेस. तू सांग, याचा अर्थ काय?"

ती चाचणी नेमके काय मोजते?

मी त्याला जे सांगितले ते तुम्हालाही सांगतो. ही चाचणी छाती, खांदे आणि दंडाच्या मागच्या स्नायूंची ताकद मोजते. उडी, वेग, दिशा बदलण्याची चपळाई, मनगटाची नजाकत यांतले काहीही ती मोजत नाही.

शिवाय लांब हातांच्या माणसाला ती जास्त जड जाते. ड्युरंटने हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत अंतर सव्वादोन मीटर भरायचे. हात लांब असले की बार अधिक अंतर ढकलावा लागतो आणि खांद्यावरचा ताणही वाढतो. विहिरीच्या रहाटाचा दांडा आठवा, तरफेचे गणित तेच.

तिसरी गोष्ट वयाची. मुलगे आधी लांबीने वाढतात, भर नंतर येतो. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी असतो. स्नायूंची वाढ त्याच्या मागून येते आणि विशीपर्यंत चालू राहते. म्हणून सतरा-अठरा वर्षांचा उंच मुलगा काठीसारखा दिसला तर त्यात बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. त्याची भूक चांगली आहे, तो दिवसभर दमत नाही, वजन कमी होत नाही, तर त्याला थोडा वेळ द्या. मात्र वजन उतरत असेल, सारखी तहान लागत असेल, ताप किंवा जुना खोकला असेल, तर "वाढीचे वय आहे" म्हणून गप्प बसू नका. मधुमेह आणि क्षयरोग याही वयात होतात.

पुढे काय झाले?

२८ जून २००७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ड्राफ्ट झाला. पोर्टलंडने पहिल्या क्रमांकावर ओडनला घेतले, सिअ‍ॅटलने दुसऱ्यावर ड्युरंटला.

भक्कम शरीराचा म्हणून ज्याची खात्री दिली जात होती, त्या ओडनच्या उजव्या गुडघ्यावर सप्टेंबरमध्येच शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा पहिला हंगाम पूर्ण वाया गेला. ती 'मायक्रोफ्रॅक्चर' प्रकारची शस्त्रक्रिया होती. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे कार्टिलेजला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती फाटली की सहजी भरून येत नाही. मग खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडून तिथून रक्त आणि पेशी वर येऊ देतात. त्यातून नवी ऊती तयार होते, पण ती मूळ कूर्चेइतकी चिवट नसते. ओडनच्या डाव्या गुडघ्याची वाटीही पुढे मोडली. संपूर्ण कारकिर्दीत तो लीगचे फक्त १०५ सामने खेळू शकला.

ड्युरंट पहिल्या हंगामात बराचसा दोन नंबरला खेळला आणि त्याने २०.३ ची सरासरी राखली. दुसऱ्या हंगामात संघ ओक्लाहोमा सिटीला गेला, प्रशिक्षक बदलले, आणि नव्या प्रशिक्षकांनी त्याला तीन नंबरला आणले. सरासरी २५.३ वर गेली. तिसऱ्या हंगामात, एकविसाव्या वर्षी, तो लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने गुण करणारा सर्वांत तरुण खेळाडू ठरला.

यातून "तीन नंबरवाले बरोबर होते" असा निष्कर्ष चाहत्यांनी लगेच काढला. डॉक्टर म्हणून मी इतका उतावीळ होणार नाही. जागा बदलली तशी मुलगा एक वर्षाने मोठाही झाला. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की श्रेय कोणाला द्यायचे हे ठरवणे अवघड. सर्दी सातव्या दिवशी बरी झाली आणि त्याच दिवशी काढा घेतला होता, तर श्रेय काढ्याला जाते, तसेच हे.

आणि बारीक शरीराला काहीच होत नाही असेही समजू नका. २०१९ च्या अंतिम मालिकेत ड्युरंटच्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला. त्यातून तो परतला, पण दीड वर्ष गेले. दुखापत अंगकाठी बघून येत नाही.

उंचीचा अंदाज किती खरा?

दुसरा फॉरवर्ड अँथनी डेव्हिस. शिकागोतल्या शाळेत तो सव्वासहा फुटांच्या आतला गार्ड होता, चेंडू हाताळणारा. मग सुमारे दीड वर्षात तो जवळपास आठ इंच वाढला. हातातले जुने कसब तसेच राहिले आणि वर उंची आली. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला. तो चार नंबरचा की पाच नंबरचा, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

अशी वाढ फार दुर्मीळ. आपल्या मुलासाठी साधे गणित असे: आईवडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करा. मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, मग दोनाने भागा. वडील १७०, आई १५७ असतील तर मुलाचा अंदाज १७०. पण हा अंदाज आठ-नऊ सेंटिमीटरनी इकडे-तिकडे होऊ शकतो.

लांब हाडांच्या टोकांना वाढीच्या पट्ट्या असतात. मुलींमध्ये त्या साधारण चौदा ते सोळा, मुलांमध्ये सोळा ते अठराच्या सुमारास बंद होतात. गरज वाटल्यास डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढता येते. पट्ट्या बंद झाल्या की पावडर, गोळ्या, बारला लोंबकळणे यांनी उंची वाढत नाही. लोंबकळल्याने खांदे मोकळे होतील, तेवढे जरूर करा. पैसे वाचवून दूध, डाळी, अंडी आणि रात्रीच्या पुऱ्या झोपेकडे लक्ष द्या. मूल वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षाही कमी वाढत असेल आणि वयात यायचे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

जो आकडा दुर्लक्षित राहतो

आता सगळ्यात महत्त्वाचे. २०१४ साली बेलर विद्यापीठाचा आयझाया ऑस्टिन हा सात फूट एक इंचाचा खेळाडू ड्राफ्टची वाट पाहत होता. इतका उंच असून लांबून नेम साधणारा, म्हणून त्याच्याही जागेची चर्चा होती. ड्राफ्टच्या काही दिवस आधी वैद्यकीय तपासणीत त्याला मार्फान सिंड्रोम असल्याचे निघाले आणि खेळणे थांबवावे लागले. ड्राफ्टच्या रात्री लीगचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी पंधराव्या आणि सोळाव्या निवडीच्या मध्ये त्याचे नाव सन्मानाने पुकारले. सभागृह उभे राहिले. दोन वर्षांनी डॉक्टरांच्या परवानगीने तो परदेशातल्या लीगमध्ये खेळू लागला, हेही सांगायला हवे.

मार्फान हा जनुकीय आजार आहे, सुमारे पाच हजारांत एकाला होणारा. शरीराला बांधून ठेवणारी ऊती त्यात कमजोर असते. हातपाय आणि बोटे लांब होतात, पण धोका हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला असतो. ती हळूहळू फुगते आणि एखाद्या दिवशी तिचा थर फाटू शकतो. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमधल्या सामन्यादरम्यान अशीच गेली. आजार असल्याचे आधी कोणाला माहीत नव्हते.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगा स्पर्धेसाठी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) उंच, बारीक, जाड चष्मा. वडील घाईत होते. "डॉक्टर, सही करून टाका, उद्या बस आहे." मी त्याला अंगठा तळहातावर ठेवून मूठ मिटायला सांगितली. अंगठ्याचे नख मुठीच्या पलीकडे पूर्ण बाहेर आले. करंगळी आणि अंगठ्याने दुसरे मनगट वेढायला सांगितले, तर बोटे एकमेकांवर चढली. छातीचे हाड आत गेलेले. मी सही केली नाही. वडील रागावून गेले, पण दोन दिवसांनी इकोचा रिपोर्ट घेऊन आले. महाधमनीचे मूळ वयाच्या मानाने रुंद होते.

आज तो औषधे घेतो, दरवर्षी इको करतो. धक्काबुक्कीचा खेळ आणि जड वजने बंद आहेत. चालणे, आरामात पोहणे चालू आहे. शाळेच्या संघाचा स्कोअर तोच लिहायचा. मूठभर सामने हुकले, मुलगा राहिला.

घाबरू नका. लांब हात किंवा वळणारा अंगठा म्हणजे आजार नव्हे. चांगल्या बास्केटबॉलपटूंचे हात उंचीपेक्षा लांब असतातच. पण पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर डॉक्टरांकडे जा:

- उंचीच्या मानाने फारच लांब हातपाय व बोटे
- लहान वयात जास्त नंबरचा चष्मा किंवा डोळ्यातले भिंग सरकलेले
- छातीचे हाड आत गेलेले किंवा पुढे आलेले, पाठीला बाक
- घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू
- खेळताना चक्कर, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे

यातली शेवटची एकटी असली तरी पुरे. खेळ थांबवा आणि तपासून घ्या.

माझा भाचा आता दोन मुलांचा बाप आहे. थोरल्याने कोणत्या जागी खेळावे यावर तो मला फोन करतो. मी त्याला सांगतो, जागा प्रशिक्षक ठरवतील आणि वय ती बदलतही राहील. तू वर्षातून दोनदा त्याची उंची-वजन लिहून ठेव, खेळ सुरू करण्याआधी एकदा नीट तपासून घे, आणि त्याच्यासमोर त्याच्या अंगकाठीची चर्चा करू नकोस. तुम्हालाही माझे हेच सांगणे आहे. फिटनेस सर्टिफिकेटवर सही हवी असेल तर मुलाला बरोबर आणा. दहा मिनिटे लागतात.