रावेरहून दिसलेली टाकी

टाकी दिसली, आमची टाकी! जयपूरच्या राजा पार्कातल्या आमच्या गच्चीवरची ती हजार लिटरची काळी टाकी! पाणी चढलं की नाही हे बघायला मी रोज जिने चढते, आणि ती टाकी भाच्याच्या लॅपटॉपवर काळ्या ठिपक्यासारखी बसली होती, शेजारी स्वतःची सावली घेऊन! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की खालून घरमालकीण आंटीजी गुडघेदुखी विसरून वर आल्या.

भाचा नकाशांच्या कामात आहे. त्याच्याकडे 'वर्ल्डव्ह्यू-३' नावाच्या उपग्रहाने टिपलेलं जयपूर होतं. उपग्रह म्हणजे बातम्यांत ढग दाखवणारा, एवढीच माझी समज. हा मात्र खाजगी कंपनीचा, १३ ऑगस्ट २०१४ला कॅलिफोर्नियातून उडालेला, आणि याची चित्रं पैसे मोजून विकत घेता येतात. भाजीसारखी!

"किती उंचावरून काढलंय रे हे?"

"६१७ किलोमीटर. मावशी, तुमचं रावेर इथून सरळ रेषेत जेवढं लांब, जवळपास तेवढं."

मी गप्पच झाले. जयपूरहून थेट दक्षिणेला रेघ ओढली की सातपुडा ओलांडून ती आमच्या रावेरच्या आसपास उतरते. म्हणजे माहेरच्या केळीच्या बागेत उभं राहून राजा पार्कातली टाकी बघायची! तेही उभं राहून कुठलं, सेकंदाला साडेसात किलोमीटर पळता पळता!

चित्रातला एकेक ठिपका जमिनीवरच्या ३१ सेंटिमीटरच्या चौकोनाएवढा. मी शाळेतली फूटपट्टी काढून फरशीवर ठेवली. एवढा एक ठिपका! आमच्या टाकीच्या वाट्याला आडवे तीन-चार आले. आणि गंमत अशी की हा उपग्रह आपल्यासारखा खटकन फोटो काढतच नाही. अंगण झाडावं तसा तो जमीन झाडत जातो. तेरा किलोमीटर रुंदीची एक बारीक ओळ, मग लगेच पुढची, मग त्याच्या पुढची. मी कागदावर भागाकार केला, तर सेकंदाला वीस हजारांहून जास्त ओळी निघाल्या! राजा पार्कातलं पंचवटी सर्कल झाडून व्हायला पापणी लवायचाही वेळ लागत नसणार.

रंग मात्र उसना. बारीक तपशील टिपणारं चित्र काळं-पांढरं असतं. रंगीत ठिपका त्याच्या चौपट लांबी-रुंदीचा, १.२४ मीटरचा. मग दोन्ही एकमेकांवर बसवतात, आमच्याकडे जुने फोटो हाताने रंगवून देत, तसंच काहीसं. शिवाय डोळ्यांना न दिसणारा उजेडही हा बघतो. भाच्याने एक कळ दाबली आणि गल्लीतले कडुनिंब लालभडक पेटले. हिरवं, निरोगी पान अवरक्त किरण भरभरून परतवतं म्हणे. केळीचं पान हातात धरून उन्हाकडे बघणारे माझे बाबा आठवले. त्यांना हे दाखवायला हवं होतं.

आंटीजींना गल्ल्या हव्या होत्या. फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून आलेल्या माणसांनी वसवलेला हा भाग. गल्ल्यांना नावं कमी, नंबरच जास्त. वरून त्या वहीच्या ओळींसारख्या दिसतात. आंटीजी बोटाने मोजत गेल्या, "एक, दो, तीन... ये हमारी!"

मला मात्र जंतरमंतर बघायचं होतं. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे सावलीच्या घड्याळाची, ती २७ मीटर उंच तिरकी भिंत, आणि तिची सावली! जमिनीवर उभं राहून ती सावली मिनिटाला सहा-सात सेंटिमीटर सरकताना मी पाहिली आहे. म्हणजे उपग्रहाच्या एका ठिपक्याएवढं सरकायला तिला पाचेक मिनिटं लागणार. हे जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंहांनी सावलीवरून सूर्य मोजला, आणि भाचा सावलीवरून इमारतींची उंची काढतो! या जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते, मूळचे महाराष्ट्रातले. त्यांनी अरबी शिकून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. तेव्हा जयपुरात येऊन भूमितीने वेडी झालेली मी काही पहिली मराठी व्यक्ती नाही.

आपल्या भारताचा 'कार्टोसॅट-३' उपग्रह तर या वर्ल्डव्ह्यूहूनही बारीक बघतो, पाव मीटरपर्यंत! २७ नोव्हेंबर २०१९ला तो श्रीहरिकोट्याहून गेला. हे ऐकल्यावर आंटीजींनी दोघांच्या हातावर मठरी ठेवली.

सिनेमात दाखवतात तसं मात्र काही नाही बरं का. चेहरे दिसत नाहीत, गाड्यांचे नंबर दिसत नाहीत, माणूस म्हणजे एखाद-दुसरा ठिपका आणि त्याची सावली. आणि हे चालू चित्रही नव्हे. उपग्रह वरून गेला त्या घटकेचं, तेही आभाळ निरभ्र असलं तरच. मला त्याचं बरंच वाटलं. गच्चीवर मी कोणत्या अवतारात असते ते मलाच ठाऊक.

आंटीजी अजून टाकीवरच अडकल्या होत्या. "बेटा, ढक्कन लगा है कि नहीं, दिख रहा है?"

आमच्याकडे माकडं झाकण उचकटतात, पाणी पितात, वर पोहूनही जातात. भाच्याने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. झाकण हातभर रुंदीचं, फार तर दीड ठिपका. काळ्यात काळं.

"नाही सांगता येत, मावशी. आणि हे चित्र आजचं नाहीच."

मी चपला घातल्या आणि जिना चढले. झाकण शेजारच्यांच्या गच्चीवर पडलं होतं.